गाणं संपेपर्यंत उतरू नये

तुमच्या नात्यातही एक असणारच. लग्नाला निघताना हवा तपासणारे वेगळे, पिशव्या मोजणारे वेगळे. मी म्हणतोय ते शर्टाच्या खिशातून पेनड्राइव्ह काढतात, त्याच्या तोंडावर फुंकर मारतात, तो टेपाला लावतात आणि मागं वळून सगळ्यांकडे एकदा बघून घेतात. आता तुम्ही आमच्या ताब्यात, एवढाच त्या बघण्याचा अर्थ. आमच्याकडे हे खातं दाजींकडे आहे.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे बोलायची सोय नाही. ते घोडेगावात कांद्याच्या आडतीवर हिशेब लिहितात. दिवसभर एक नंबर, मध्यम, गोल्टी बघून बघून गाण्यांचीही त्यांनी प्रतवारी करून टाकलीय. एक नंबर माल घाटाला, मध्यम सपाटीला, आणि गोल्टी जेवणानंतर, पाव्हणे पेंगत असताना. क्रम मात्र तमाशाचा: गण, गौळण, बतावणी, वग. यातले गण-गौळण पेनड्राइव्हमध्ये असतात. बतावणी आणि वग आपण करायचा.

म्हणजे असं, की गाणं ऐन रंगात आलं की दाजी ते तोडतात, आरशातून कुणाकडे तरी बोट करतात आणि म्हणतात, "हां, पुढं काय?" ज्याच्याकडे बोट त्यानं गोष्ट पुढं न्यायची, पुढचं गाणं लागेपर्यंत. गाण्याचा रंग गोष्टीत उतरला पाहिजे. हलगी वाजली की वरात नाहीतर मारामारी. सनईला लग्न. बासरीला माणूस एकटा हवा, आणि बासरी चालू असताना त्यानं काही खायचं नाही. एकदा धाकट्या मावशीच्या नायकानं बासरीवर शेवभाजी खाल्ली, तर दाजींनी त्याला ताटावरून उठवलं. मावशी दोन दिवस बोलली नाही.

गोष्ट सुरू मात्र म्हशीपासूनच होते. घोडेगावला शुक्रवारी जनावरांचा बाजार भरतो, त्यामुळे इथल्या कुणालाही गोष्ट सांग म्हटलं की पहिली दावं तोडून म्हैस येते, राजा-राणी मागनं. भाचा तिला चंद्रावर नेतो. आमची आई तिला कसलं तरी दुखणं लावते. आणि आत्या, म्हशीचं काहीही होवो, शेवटी तिचं लग्न लावून देत असे. हलगी असो, बासरी असो, आत्याच्या पाळीला मांडव पडलाच.

हे सगळं साठ मिनिटांच्या कॅसेटमधून निघालं. नगरला दुकानात गाण्यांची यादी दिली की कॅसेट भरून मिळायची, ते दिवस. एका बाजूला 30 मिनिटं, शेवटचं गाणं पट्टीत मावलं नाही की कडव्याच्या मध्येच खट्‌कन बटण वर. दाजींची एक कॅसेट अशीच ऐन रंगात मेली, मागच्या सीटवरच्या पोरांनी "पुढं काय?" म्हणून गिल्ला केला, आणि दाजींनी थाप मारली. ती थाप नगरपर्यंत पुरली. ती कॅसेट अजून आहे. पुसली जाऊ नये म्हणून वरच्या दोन्ही खिट्ट्या मोडलेल्या, कागदावर निळ्या बॉलपेननं 'बाजू अ – चढ, बाजू ब – उतार'. पुढं मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकानं आली, मग पेनड्राइव्ह आला. आता गाणं आपणहून तुटत नाही, तर दाजी ते रात्री जागून मोबाइलवर कापतात.

इथवर चालून गेलं असतं. खरा छळ पुढं आहे. दाजींच्या मते प्रत्येक गाण्याचं रस्त्यावर एक ठिकाण आहे आणि ते गाणं तिथंच लागलं पाहिजे. पांढरीपुलाचं पांढरीपुलाला. वडाळा बहिरोब्याचं वडाळ्याला. तवेरा गाण्याच्या पुढं गेली, तर दाजी ती रस्त्याच्या कडेला घेतात, इंडिकेटर लावतात आणि गाण्याची वाट बघत बसतात. नुसते बसतात! बाहेर ऊन, आत आई, बहीण, डब्यातल्या पुऱ्या आणि मी. विचारलं तर म्हणतात, "थांबा पाव्हणं, गाणं येतंय."

गाणं गाडीच्या पुढं गेलं तर पंचाईत वेगळी. मागं घेता येत नाही, कारण "तमाशात गौळण दोनदा होती का?" वेग वाढवता येत नाही, कारण बहीण शेजारी बसलेली. इमामपूरच्या घाटात कांद्याचा ट्रक आडवा आला की घाटाचं गाणं निम्म्या घाटातच संपतं. उरलेला घाट दाजी स्वतः गातात.

मागच्या वैशाखात वाळूजला लग्न होतं. प्रवरासंगमच्या पुलावर बासरी ठरलेली. चाकं पुलाला लागली आणि टेपात अजून हलगीच. दाजींनी मुकाट्यानं पूल ओलांडला, वळायला जागा मिळाली तिथं गाडी वळवली, परत अलीकडे आले, आणि बासरी सुरू झाल्यावर पुन्हा गोदावरी ओलांडली. त्या बासरीवर गोष्टीत एक माणूस एकटाच नदीकाठी उभा राहिला, फार सुंदर उभा राहिला, मला मान्य आहे. वाळूजला पोचलो तेव्हा अक्षता पायाखाली होत्या आणि पंगत उठत होती.

पुण्याचे पाहुणे शनिदर्शनाला आले, त्यांनाही सुटका नाही. घोडेगावातून शिंगणापूर ते किती, गाडी तापायच्या आत येतं. गाण्याची दोन कडवी उरलेली. शिंगणापूरला घरांना दारं नाहीत हे बघायला ती माणसं एवढ्या लांबून आलेली. दाजींच्या गाडीला दारं होती, पण गाणं संपेपर्यंत ती उघडायची नव्हती.

कुणी कुरकुर केली की दाजी थेट परंपरेला हात घालतात. गदिमांनी आणि बाबूजींनी 1955 साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू केलं, 56 गाण्यांत अख्खी रामकथा बसवली. मग यांची एक म्हैस पेनड्राइव्हमध्ये का बसू नये? आणि नेवासा फाटा आला की आवाज खाली आणून: "माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली ती इथं आत, नेवाशात. शके 1212. सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. ते मध्येच म्हणाले का, की उतरू द्या, पाय आखडले?" यावर काय बोलणार? माउलींचं नाव निघाल्यावर आई हात जोडते आणि आमची बाजू तिथंच पडते.

तरी हल्ली दाजींचा धंदा बसत चाललाय. गाडीत माणसं सात आणि कानातली बोंडकं पाच जोड. भाचा कॉलेजात गेल्यापासून खिडकीकडे तोंड करून बसतो. त्याचा मोबाइल त्याला आवडणारीच गाणी न मागता लावून देतो म्हणे. मोबाइलला घाट आला हे कळत नाही, वडाळा गेलं हे कळत नाही, आणि शेजारी आजी बसलीय हे तर नाहीच नाही. दाजी आरशातून बोट करतात आणि समोरून कुणी बघतच नाही, तेव्हा ते बोट हळूच आरसा नीट केल्यासारखं करून खाली घेतात. हे मी पाहिलंय. त्या वेळी, नाइलाजानं का होईना, मीच म्हणतो, "दाजी, म्हैस कुठवर आली होती?"

आत्या गेली तेव्हा अस्थी घेऊन प्रवरासंगमला गेलो होतो. पेनड्राइव्ह खिशातच राहिला. परत येताना नेवासा फाटा मागं पडला तरी गाडीत कुणी बोलेना. मग भाच्यानं कानातलं काढलं आणि कुणाकडेच न बघता म्हणाला, "एक म्हैस होती." आईनं ती पुढं ओढली. बहिणीनं तिला बाजारात हरवली. मी ती कशीबशी शोधून आणली. गाणं नव्हतं, त्यामुळे कुणाची पाळी कुठं संपते ते कळत नव्हतं. वडाळा बहिरोब्याच्या पुढं मावशीनं डोळे पुसत मांडव घातला. दाजींनी कुणाकडे बोट केलं नाही. मला एवढंच दिसलं, की घोडेगाव जवळ यायला लागलं तसा त्यांनी वेग कमी कमी केला, लग्न लागेस्तोवर. बायका रडल्या, हसल्या, आणि गाडी दारात लागली. दाजी लगेच म्हणाले, "सनई हवी होती." असा माणूस.

तेव्हा नगर–संभाजीनगर रस्त्यानं जाणाऱ्यांना एक विनंती. पांढरीपूल ते प्रवरासंगम या टापूत कडेला इंडिकेटर लावून उभी असलेली पांढरी तवेरा दिसली, तर पंक्चर समजून थांबू नका. गाडीला काही झालेलं नाही, आतली माणसं धडधाकट आहेत. पाणी विचारायला म्हणूनही काचेवर टकटक करू नका. दाजी काच खाली घेतील, तुमच्याकडे बोट करतील, आणि म्हैस तुमच्या गळ्यात पडेल.