बरोबरीचे आप्पा

इंदुरीत, तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर दुसरं महायुद्ध रोज सकाळी नव्याने पेटतं. पेटवणारे आप्पा. 1945 साली ते संपलं याबद्दल त्यांची तक्रार नाही. निकाली संपलं, ही तक्रार. कुस्ती बरोबरीत सुटायला हवी होती.

"बघ आता," म्हणत ते टेबल पुसून घेतात. बशी म्हणजे इंग्लंड, काडेपेटी मॉस्को, ग्लुकोजचं बिस्किट हिटलर. 22 जून 1941. बिस्किट काडेपेटीकडे निघतं. "इथंच चुकला! हा घरी बसला असता, तिकडं जपान्यानं पर्ल हार्बरला हात लावला नसता, की अमेरिका कशाला येतेय? दोघंही दमले असते. मग काय?"

"मग तह!" टपरी एका सुरात म्हणते. तेवढ्यात कुणीतरी हिटलर चहात बुडवून खातो. आप्पा शांतपणे दुसरा मागवतात, खाणाऱ्याच्या खात्यावर.

"पण आप्पा, बरोबरीत सुटलं तर हिटलर जिवंत राहतोय की!"

"कलम घालू."

"आणि इंग्रज इथनं गेला नसता तर?"

"त्याचंही कलम घालू."

हे वेड वडगावचं. जानेवारी 1779 मध्ये इंग्रज फौज बोरघाट चढून पुण्यावर निघाली. तळेगावात पोचली तर गाव आपल्याच लोकांनी जाळलेलं, दाणा नाही की वैरण नाही. जड तोफा तळ्यात ढकलून रात्रीत माघारी फिरली आणि वडगावला कोंडली गेली. तह झाला, कलकत्त्याने तो धुडकावला. पुन्हा लढाया, आणि 1782 मध्ये सालबाईचा तह. साष्टी इंग्रजांकडे राहिली, राघोबादादांना पेन्शन मिळालं, धड कुणीच जिंकलं नाही. वजन वाढलं ते मध्यस्थ महादजी शिंद्यांचं. शाळेत हा धडा सगळ्यांनीच वाचला. मनावर घेतला तो एकट्या आप्पांनी.

गावात दोन भावांचा बांधावरून वाद पेटला, तेव्हा आप्पा आपणहून मध्ये पडले. हा म्हणतो बांध माझ्या बाजूला सरकवला, तो म्हणतो माझ्या. आप्पांनी दोघांना चहा पाजला (पैसे दोघांनी निम्मे निम्मे दिले) आणि निवाडा केला: वादातल्या पट्ट्यात कुणीच नांगर घालायचा नाही. भाऊ खूश, कारण दुसऱ्यालाही काही मिळालं नव्हतं. पट्ट्यावर गवत माजलंय गुडघाभर. ते आप्पांची म्हैस खाते. तहाची मुदत विचारली की आप्पा म्हणतात, "घाई काय आहे?"

सेनापती दाभाड्यांचा इंद्रायणीकाठचा किल्ला बघायला जरूर या. टपरीवर चहाही घ्या. जोडीने येणार असाल आणि वाटेत काही वाजलं असेल, तर तेवढं तळेगावातच मिटवून या.