आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही

वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या गाड्या दिवसाकाठी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. त्यातली एक चुकली की खारबाव स्टेशनच्या फलाटावर माणसाला मतं फुटू लागतात. मुंबईकराचं तसं नसतं. त्याचं 'कॅमेरा बरा होता, पण...' एवढं होईतो लोकल येते आणि उरलेली टीका दारातल्या धक्काबुक्कीत जिरते. आमच्याकडे एका गाडीच्या खोळंब्यात कथा, पटकथा, नायिकेचं खरं वय, दिग्दर्शकाची जात आणि मध्यंतरानंतर सिनेमा नेमका कुठे हुकला, एवढं सगळं उरकून माणूस पुन्हा पहिल्या रिळापासून सुरुवात करू शकतो. सिनेमा पाहिलेला असावा अशी अट नाही. तशी अट घातली तर फलाटावर फक्त कुत्री उरतील.

मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ निघालं. तिथे आधी सिनेमा दाखवतात आणि मग चर्चा करतात. आमच्या फलाटमंडळाला हा क्रम मान्य नाही. एकदा सिनेमा पाहिला की माणूस पूर्वग्रहदूषित होतो, असं आमच्या गुरुजींचं म्हणणं. गुरुजी निवृत्त आहेत, पण उत्तरपत्रिका तपासायची हाताची खोड गेलेली नाही. वर्तमानपत्रवाले तारे देतात, गुरुजी गुण देतात. पस्तीसला पास. मराठी सिनेमाला भाषेचे म्हणून चार गुण जास्त, त्यामुळे बरेचसे मराठी सिनेमे ढकलपास होतात. आणखी आहे तो आमचा पुतण्या. तो अंजूरफाट्याकडच्या एका गोदामात पाळीवर जातो आणि मंडळात जागतिक सिनेमाची बाजू सांभाळतो. आणि कोपरला उतरून डोंबिवलीत भाजी विकायला जाणारी एक आजी. ती सदस्य नाही. पाटी टेकवायला जागा आमच्याच बाकाशेजारी आहे, म्हणून ऐकते.

पुतण्याला जागतिक सिनेमा लागला तो करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात. २९ मे ते ७ जून २०२० असे दहा दिवस यूट्यूबवर 'वी आर वन' नावाचा महोत्सव भरला होता. न्यूयॉर्कच्या ट्रायबेकावाल्यांचा पुढाकार, आणि कान, बर्लिन, व्हेनिसपासून आपल्या मुंबईच्या मामीपर्यंत वीसेक महोत्सव त्यात सामील. सगळं फुकट. गुरुजी तेव्हाच म्हणाले होते, "फुकट आहे म्हणजे काहीतरी खोट आहे." खोट अशी की मोबाइलची रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर यायची. पोरगा दहा दिवस टाकीवर चढून बसला. खाली वहिनी ओरडायच्या, "वर आहेसच तर पाणी किती उरलंय तेवढं बघ." दहा दिवसांत त्याने चौदा सिनेमे सुरू केले आणि एक पुरा पाहिला. तो लघुपट होता.

पण मतं चौदाही सिनेमांबद्दल झाली. इथे मला त्याची बाजू घ्यायला हवी. थिएटरात माणूस अडकलेला असतो. तिकिटाचे पैसे गेलेले, शेजारी मेहुणा, बाहेर ऊन. शेवट बघावाच लागतो. मोबाइलवर महोत्सव आला आणि पहिल्या वीस मिनिटांवर जगातल्या कुठल्याही दिग्दर्शकाचा निकाल लावायची सोय झाली. टाकीवरून उतरताना पोरगा 'ह्याचं पूर्वीचं काम सरस होतं' असं म्हणू लागला, तेव्हा मी ओळखलं की आता हा समीक्षक झाला. पूर्वीचं कामही त्याने वीसच मिनिटं पाहिलं होतं, पण न्याय सर्वांना सारखा.

त्याच साली सप्टेंबरात टोरांटोचा महोत्सव बराचसा ऑनलाइन झाला आणि पुढच्या जानेवारीत सनडान्सही. पोरगा तयारीत बसला. टोरांटोवाल्यांनी ऑनलाइन खेळ फक्त कॅनडातल्या माणसांसाठी ठेवले होते, सनडान्सवाल्यांनी अमेरिकेतल्यांसाठी. वर ऑनलाइन खेळांचीही तिकिटं ठरावीकच. म्हणजे ज्या सिनेमाला खुर्च्याच नाहीत तो हाऊसफुल्ल! आमच्या भिवंडीत कारागिरांसाठी व्हिडिओ पार्लर चालत, त्यांच्या मालकांना हे सुचलं असतं तर त्यांनी माडीवर माडी चढवली असती. ते बिचारे बाकड्यावर जागा असेपर्यंत माणसं घेत आणि बाकडं भरलं की जमिनीवर घेत. नाही म्हणणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं.

मध्यरात्री पोराच्या मोबाइलवर पाटी उमटली: हा चित्रपट आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही. त्याला ते फार लागलं. जो माणूस दिवसभर मुंबई-पुण्याच्या दारोदारी जाणारी खोकी बांधतो, ज्याला प्रत्येक पिनकोडाला काय पोचतं आणि काय पोचत नाही हे तोंडपाठ आहे, त्यालाच असं सांगावं? घरातल्या मोठ्या माणसांना मात्र काही वाटलं नाही. रात्रीची गाडी, बाळंतपणाची डॉक्टरीण, पावसाळ्यात खड्डे नसलेला रस्ता, अशा गोष्टी आपल्या प्रदेशात उपलब्ध नसतात हे आम्ही कुणी पाटी न लावताच शिकलो होतो. सिनेमावाल्यांनी निदान कळवलं तरी.

गोव्याच्या इफ्फीनेही नोव्हेंबर २०२० चा मुहूर्त चुकवून १६ ते २४ जानेवारी २०२१ ला महोत्सव घेतला, थोडा पणजीत आणि थोडा ऑनलाइन. उद्घाटनाला डेन्मार्कच्या थॉमस व्हिंटरबर्गचा 'अनदर राउंड' होता. पोराने फलाटावर कथा सांगितली: चार शिक्षक ठरवतात की रक्तात दिवसभर ०.०५ टक्के दारू राहील इतकी प्यायची आणि शिकवायचं. गुरुजींनी पहिला प्रश्न टाकला, "शाळा अनुदानित की विनाअनुदानित?"

"त्याने काय फरक पडतो, गुरुजी?"

"विनाअनुदानित असेल तर हे पगारात बसत नाही. म्हणजे कथेचा पायाच खोटा." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि चारही मास्तर वर्गावर? एकालाही निवडणुकीचं काम नाही, कुणाच्या डोक्यावर जनगणना नाही, खिचडीचा तांदूळ मोजायला कुणी नाही? ही परीकथा आहे रे. अडतीस गुण."

त्या एप्रिलात सिनेमाला ऑस्कर मिळालं. गुरुजी आजही सांगतात की मी त्याला आधीच पास केला होता.

त्याच एप्रिलच्या ३० तारखेला चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' नेटफ्लिक्सवर आला. आपला मराठी सिनेमा व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत, तिथे २००१ च्या 'मॉन्सून वेडिंग'नंतर भारताला जागाच मिळाली नव्हती, आणि वर पटकथेचं पारितोषिक. गाणं शिकतो आहे, शिकतोच आहे आणि ते काही हाती लागत नाही, अशा एका मुलाची गोष्ट. मंडळाचं एकमत झालं की सिनेमा संथ आहे. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून नायकाची मोटरसायकल हळूहळू जाते, कानात गुरूंच्या गुरूंचा आवाज, ते तर कुणालाच सोसलं नाही. आता हे म्हणणारी माणसं कोण? खारबावहून अंजूरफाट्यापर्यंत कंटेनरांच्या रांगेत तास-तास बसणारी. समोरच्या ट्रकच्या मागचा मजकूर ती न कंटाळता चाळीस वेळा वाचतात आणि पडद्यावरची मोटरसायकल दोन मिनिटं चालली की घड्याळ बघतात. मला वाटतं खरा राग वेगाचा नव्हता. रस्ता रिकामा दाखवला, त्याचा होता.

नव्या सिनेमांची गोष्ट आणखी सोपी आहे, कारण त्यांच्याबद्दलची मतं आता तयारच मिळतात. २०२५ च्या सप्टेंबरात 'दशावतार' आला. ८१ वर्षांचे दिलीप प्रभावळकर त्यात काय काय करतात हे फलाटावर मला सहा जणांनी साभिनय करून दाखवलं. त्यातले दोघे सिनेमा पाहून आले होते. उरलेल्या चौघांचा अभिनय उजवा होता, पाहिल्याचं ओझं नसल्यामुळे असेल. 'बाईपण भारी देवा'च्या वेळी, २०२३ साली, बायका ठरवून, गजरे माळून गेल्या, पाहिला, हसल्या, रडल्या आणि कामाला लागल्या. त्यांनी मत म्हणून काही मांडलंच नाही. मंडळाच्या दृष्टीने तो सिनेमा वाया गेला.

इथे जरा विषयांतर. जत्रेतला तंबू टॉकीज आमच्या पिढीने पाहिला आहे. प्रोजेक्टर मध्येच दमायचा, पडदा वाऱ्याने फुगला की नायकाचं नाक लांब व्हायचं. महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ साली तो कानला गेला आणि तिथे त्याचा खास उल्लेख झाला. म्हणजे जत्रेत मातीवर बसून सिनेमा बघणारी आपली माणसं फ्रान्समध्ये सुटाबुटातल्या लोकांनी गादीच्या खुर्चीवर बसून पाहिली. माणसं आपल्याकडची आणि महोत्सव त्यांच्याकडचा, ही देवघेव मला नेहमी जराशी उधारीची वाटते.

आता 'साबर बोंडं'. रोहन परशुराम कानवडे यांच्या या मराठी सिनेमाने जानेवारी २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक आणलं. हो, तेच सनडान्स, ज्याच्या दारात आमचं पोरगं उपलब्ध नव्हतं. भारतात तो १९ सप्टेंबरला लागला, 'दशावतार'च्या पुढच्याच शुक्रवारी. आमच्या फलाटावर तो दोन मिनिटांच्या ट्रेलरच्या रूपाने आला आणि मंडळाला तेवढा पुरला. वडील वारल्यावर मुंबईचा मुलगा गावी येतो, दहा दिवस सुतक पाळतो, नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात, आणि त्याला तिथे लहानपणीचा मित्र भेटतो. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट म्हटल्यावर निम्मं मंडळ मोबाइलमध्ये तोंड घालून बसलं. उरलेले 'फ्रेम चांगली आहे' असं म्हणाले. काय बोलावं ते सुचलं नाही की आमच्याकडे फ्रेम चांगली असते. गुरुजींनी शीर्षकाचे पाच गुण दिले, निवडुंगाची फळं म्हणून, आणि बाकीचा पेपर राखून ठेवला. पुतण्या दिग्दर्शकाचं आधीचं काम कसं होतं ते सांगू लागला.

आजीने पाटीवरचं ओलं फडकं सारखं केलं आणि मोबाइल मागून घेतला. लांब धरून पाहिला, परत दिला.

"बापूस मेलाय ना त्याचा? दहा दिस गावाला ऱ्हायलाय?"

"हो, आजी."

"मंग दहाव्याला कावला शिवला का नाय?"

कुणी काही बोललं नाही. कामणकडून गाडीचा भोंगा ऐकू आला. गुरुजी घसा खाकरून म्हणाले, "आजी, अशा सिनेमात कावळा प्रतीक म्हणून असतो."

"परतीक ऱ्हाव दे," पाटी डोक्यावर घेत आजी म्हणाली, "शिवला का नाय ता सांग."