साडूच्या इंजिनाला रीतसर हरवावे कसे?

सर्वप्रथम एक साडू हवा. तो तलासरीला असावा, तुम्ही डहाणूला. दोघांचं बुद्धिबळ इतपतच असावं की उंट-घोडे ओळखता येतात, पण डाव अडीच तास रेटूनही निकाल लागत नाही. अशी माणसं शेवटी बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामांवरून, म्हणजे इंजिनांवरून, भांडतात. तुमचं स्टॉकफिश, त्याची लीला. दोन्ही फुकट मिळतात, त्यामुळे भांडणाला भांडवल लागत नाही.

आता न्यायाचं बघू. त्याचं इंजिन त्याच्या लॅपटॉपवर आणि तुमचं तुमच्या, असा सामना लावू नका; त्यात लॅपटॉपच खेळतात. यंत्र एकच हवं. इथेच पहिली पंचाईत होते. स्टॉकफिश साध्या प्रोसेसरवर पळतं, लीलाला दमदार ग्राफिक्स कार्ड लागतं. कार्ड नसेल तर साडू रडणार, असेल तर तुम्ही. या वादावर सगळ्यांना पटेल असा तोडगा अजून जगात कुणाला सापडलेला नाही. नवशिक्याने त्यात पडू नये. साडूला बर्सर्कसारखं प्रोसेसरवर चालणारं इंजिन निवडायला लावावं. दोघांना मेमरी सारखी, वेळ सारखा. समोरच्याच्या वेळात विचार करण्याची सोय मात्र बंद ठेवा, नाहीतर एकाची खेळी चालू असताना दुसरा त्याच प्रोसेसरवर हात मारत बसतो.

लॅपटॉप उशीवर ठेवू नका. मे महिन्यात डहाणूच्या दमट दुपारी पंखा घरघरायला लागतो, प्रोसेसर तापतो आणि आपोआप मंदावतो. वीज गेली तरी तेच: बॅटरीवर आलेला लॅपटॉप बहुधा वेग कमी करतो. गावात ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, पण तिथली वीज मुंबईच्या उपनगरांसाठी. त्या भरवशावर पावसाळ्यात सामना लावू नये. मध्येच वीज गेली तर तो डाव रद्द. तुम्ही जिंकत असलात तरी रद्द.

डावाची सुरुवात इंजिनांवर सोडली तर बरोबरीमागून बरोबरी बघत बसाल. म्हणून पहिल्या काही खेळ्या आधीच ठरवून द्या, थोड्या तिरक्या असल्या तर उत्तमच, आणि प्रत्येक सुरुवात दोनदा खेळवा: एकदा पांढरी तुमच्याकडे, एकदा त्याच्याकडे.

किती डाव? साडू म्हणेल, दहा. वरचे चार चिकू दाबून अख्ख्या पेटीचा भाव ठरवणारा व्यापारी घोलवडला टिकत नाही. शंभर डावांत ५२-४८ झालं तर एलो मोजणीत, म्हणजे खेळाची ताकद गुणांत मोजायच्या पद्धतीत, फरक निघतो १४ गुणांचा; निम्मे डाव बरोबरीत सुटले असतील तर त्यात चूक मात्र इकडे-तिकडे पन्नासेक गुणांची असू शकते. म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही. ही चूक निम्मी करायची तर डाव चौपट लागतात. प्रत्येकाला डावाला एक मिनिट दिलं, तर हजार डावांना फार तर तेहतीस-चौतीस तास. शनिवारी सकाळी लावा, रविवारी संध्याकाळी चहाच्या वेळेला निकाल.

हे भांडण फक्त साडवांचं नाही. २०१७च्या डिसेंबरात डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझीरो या प्रोग्रामने स्टॉकफिशविरुद्ध शंभरपैकी २८ डाव जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. लगेच ओरड झाली: स्टॉकफिशला मेमरी जेमतेम एक जीबी, आणि प्रत्येक खेळीला बरोबर एक मिनिट, म्हणजे वेळ कुठे वाचवावा आणि कुठे उधळावा ही त्याची अक्कल बादच. पुढच्या वर्षी हजार डावांचा निकाल छापून आला, वेळेची ती अट काढून: १५५ जिंकले, ६ हरले. माझ्या मते पहिल्याच खेपेला असं केलं असतं तर वर्षभराची वादावादी वाचली असती.

सगळ्यात अवघड सूचना आता. डावांची संख्या सामन्याआधी ठरवा आणि मध्ये हलवू नका. आपलं इंजिन पुढे असताना ‘चला, पुरे’ म्हणायचा आणि मागे असताना ‘अजून शंभर होऊ देत’ म्हणायचा मोह प्रत्येकाला होतो. तलासरीहून रात्री अकराला ‘किती झाले?’ असा फोन आला तर चालू गुण सांगू नका.

हरणारा शेवटी म्हणणारच की माझी आवृत्ती जुनी होती. म्हणून आवृत्ती, मेमरी, वेळ, डावांची संख्या हे सगळं आधीच वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. साक्षीदार म्हणून दोघी बहिणी चालतील. या प्रकरणात त्या कोणाच्याच बाजूच्या नसतात.