आधी खिचडी खाऊन घ्या

हिंगोलीकडून येणारा रस्ता नागपूर–तुळजापूर महामार्गाला जिथं मिळतो, तो वारंगा फाटा. एका अंगाला बाळापूर-कळमनुरी, दुसऱ्या अंगाला अर्धापूर-नांदेड, तिसऱ्या अंगाला हदगाव-उमरखेड. तिन्हीकडची माणसं इथं दोन कारणांनी थांबतात. एक तर खिचडी खायला, नाहीतर गाडी बंद पडली म्हणून. पहिल्या कारणासाठी हॉटेलं आहेत. दुसऱ्यासाठी भाऊ आहेत.

भाऊंचं नाव सांगून उपयोग नाही, कारण फाटा तिथं भाऊ असतातच. फक्त बाकावरची जागा बदलते. भाऊ मिस्त्री नाहीत. त्यांचं गॅरेज नाही, त्यांच्याकडे पाना नाही, पक्कड नाही, साधा टेस्टरही नाही. घरी शेती आहे, हंगामात हळदीचं थोडं इकडंतिकडं असतं, बाकी वेळ रिकामा. पांढरा शर्ट, खांद्यावर दस्ती, आणि उभ्या आयुष्यात हाताला ऑइल लागलेलं नाही. भाऊ निदान करतात. उपचार ज्याचे त्यानं करायचे. फी एक चहा, तीही पेशंटच्या पैशानं सगळ्यांना.

निदानासाठी भाऊंना गाडीजवळ जावं लागत नाही. तो माणूस किक मारत असतो, घाम पुसत असतो, चोक ओढून बघत असतो, आणि भाऊ बाकावरूनच ऐकत असतात. चार किका झाल्या की निकाल लागतो.

"करंट येइना गेलाय."

मग जवळ येऊन रीतसर उलटतपासणी.

"चालता चालता बंद पडली का उभी असताना?"

"चालता चालता, भाऊ."

"कॉइल."

"उभी असताना बी पडायली कव्हा कव्हा."

"मंग कॉइलच. न्हाईतर वायरिंग."

या दोन शब्दांत मोटारसायकलच्या विजेचा निम्मा कारभार येतोच, त्यामुळं भाऊ चुकणं अवघड आहे. उरलेला निम्मा ते पुढच्या पाच मिनिटांत घेतात: प्लग, प्लगची टोपी, चावीचा स्विच, अर्थिंग. त्यानं भागलं नाही तर पेट्रोलात पाणी. त्यानंही भागलं नाही तर, "मी म्हणतो, इकून टाका." सगळ्या शक्यता आधीच बोलून ठेवल्या की पुढं जे निघेल ते आपण सांगितलेलंच असतं, ही युक्ती ज्योतिषांनाही ठाऊक आहे.

भाऊंचं शिक्षण राजदूतवर झालं. त्या गाडीला पॉइंट असायचे. इंजिन फिरलं की दोन बारकी टोकं उघडझाप करायची, उघडली की कॉइलमधून झटका जायचा आणि प्लगला ठिणगी पडायची. टोकं जळून काळी पडली की गाडी आखडायची. मग झाकण काढून पॉलिश पेपरनं दोन हात मारायचे; पेपर नसला तर काडेपेटीची कड चालायची. कंडेन्सर मेला असला तर पॉइंट पुन्हा जळायचे, पण तोवर माणूस घरी पोचलेला असायचा. रोगही दिसायचा आणि औषधही. पुढं पॉइंट गेले आणि सीडीआय आलं. काळी डबी, आत सगळं ओतून बंद केलेलं. उघडता येत नाही, घासता येत नाही, बिघडली तर फेकायची. भाऊंनी हा अपमान मनाला लावून घेतला. अजूनही ते कुठल्याही गाडीवाल्याला विचारतात, "पॉइंट घासले का?" आणि ज्याच्या गाडीला पॉइंट नाहीत तोसुद्धा मान राखून म्हणतो, "हाव, मागच्या महिन्यात."

करंट बघायचा विधी मात्र साग्रसंगीत. प्लग खोलायला लावायचा, टोपीत परत बसवून त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या डोक्याला टेकवायचा आणि किक मारायची. उन्हात ठिणगी दिसत नाही म्हणून भाऊ खांद्यावरची दस्ती त्यावर धरतात, मांडवासारखी, आणि सगळे वाकून आत बघतात. प्लग कोणी धरायचा हे ठरलेलं आहे: भाऊ सोडून कोणीही. टोपीचं रबर चिरलेलं असलं तर धरणारा जो उडतो, ते पाहून भाऊ शांतपणे म्हणतात, "करंट हाय." पण उघड्या हवेत ठिणगी पडणं सोपं असतं. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून तिला उडी मारायची तर कॉइलला कितीतरी जास्त जोर लावावा लागतो, आणि दमलेली कॉइल नेमकी तिथंच हात टेकते. दस्तीखाली निळी ठिणगी दिसते आणि गाडी तरी चालत नाही, तेव्हा भाऊ आकाशाकडं बघतात.

पुरती मेलेली गाडी भाऊंना आवडत नाही. ती टेंपोत घालून नेतात, मिस्त्री उघडतो, तार तुटलेली दिसते, संपलं. भाऊंचं राज्य आहे ते अधूनमधून बंद पडणाऱ्या गाडीवर. कारण ती आपोआप चालू होते, आणि ती चालू होताना जो जवळ उभा असेल त्याला श्रेय मिळतं. वर्षानुवर्षं जवळ कोण उभं आहे, ते सांगायला नको.

फाट्यावरच इतक्या गाड्या का बंद पडतात, याबाबत भाऊंचा संशय मोबाइलच्या टॉवरवर आहे. खरं कारण असं की फाट्यावर वळावं लागतं. जुन्या गाडीच्या तारांचा जुडगा हँडलच्या मानेजवळून जातो, आणि वर्षानुवर्षं इकडं तिकडं वळून तिथली तार आवरणाच्या आतच तुटते किंवा आवरण झिजून चासीला टेकते. सरळ रस्त्यावर तोंड मिटून असते. हिंगोलीकडून येऊन नांदेडकडं हँडल वळवलं की टेकते आणि इंजिन गप्प. सीडीआयच्या बऱ्याच गाड्यांत चावी बंद केल्यावर होतं तेही एवढंच: एक तार अर्थिंगला टेकवली जाते. म्हणजे मानेतली झिजलेली तार चावीला न विचारता गाडी बंद करत असते. गाडी ढकलत कडेला आणताना हँडल सरळ होतं, तार सुटते, आणि भाऊंनी "जरा हलवून बघा" म्हणायचा अवकाश, पहिल्या किकला चालू.

कुणाच्या चावीला घराच्या, आखाड्याच्या, पेटीच्या, मोटरच्या अशा सगळ्या किल्ल्या लटकलेल्या असतात. खड्ड्यात आदळलं की त्या ओझ्यानं स्विच आतून हलतो आणि करंट तुटतो. भाऊ म्हणतात, "चावी काढा, फुका मारा, परत घाला." चालू.

सगळ्यात गोड प्रकार टाकीच्या झाकणाचा. त्याला हवेचं बारीक भोक असतं. ते मातीनं बुजलं की पेट्रोल खाली उतरतं पण वरून हवा आत येत नाही. काही अंतर गेल्यावर पेट्रोल अडतं आणि गाडी मरते, अगदी करंट गेल्यासारखी. इथं विजेचा काहीच दोष नसतो. भाऊ म्हणतात, "पेट्रोल हाय का बघा." झाकण उघडतं, फुस्स होतं, हवा आत जाते, गाडी चालू होते. आणि भाऊ चहाच्या पहिल्या घोटाबरोबर सांगतात, "कॉइल हाय, बदलून घ्या नांदेडला." बिचारा नांदेडला कॉइल बदलतो आणि परत येताना फाट्यावर थांबतो.

पण भाऊंचा हुकमी इलाज वेगळाच. काहीच सुचेना झालं की ते म्हणतात, "आधी खिचडी खाऊन घ्या." लोकांना वाटतं, माणुसकी. हॉटेलवाल्याला वाटतं, गिऱ्हाईक. शास्त्र कुणाच्या ध्यानात येत नाही. इंजिनाच्या चुंबकाजवळ एक बारकी कॉइल असते, ठिणगी कधी पाडायची ते सीडीआयला सांगणारी; तिला पल्सर कॉइल म्हणतात. ती जुनी झाली तरी थंड असताना ठणठणीत असते. तापली की आतली केसासारखी तार ताणून कुठंतरी टेक सोडते आणि ठिणगी बंद. इंजिन निवलं की टेक परत लागते. गरम खिचडीची प्लेट, वर थोडी मागून, मिरची, पाणी, चहा, बिल: एवढ्यात इंजिन हात लावण्याइतकं गार होतं. माणूस तृप्त होऊन येतो, किक मारतो, गाडी चालू. बाळापूरपासून अर्धापूरपर्यंत भाऊंचा जो लौकिक आहे, त्यातला मोठा वाटा खिचडीचा आहे.

मागल्या उन्हाळ्यात बाळापूरकडचे एक गुरुजी असेच येऊन उभे राहिले. गाडी जुनी, नंबर एमएच २२. म्हणजे परभणीचा. परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. गाडी जिल्ह्यापेक्षा वयानं मोठी. भाऊंनी उठून नमस्कार केला, गाडीला का गुरुजींना ते कळलं नाही. नेहमीची तपासणी झाली, नेहमीचं निदान झालं, आणि भाऊ म्हणाले, "गुरुजी, आधी खिचडी खाऊन घ्या."

गुरुजी वळलेही. तेवढ्यात पलीकडच्या गॅरेजातलं पोरगं मल्टिमीटर घेऊन आलं.

"गुरुजी, थांबा. आत्ता नका जाऊ."

"कामून रे?" भाऊ म्हणाले.

"गरम हाय तवरच मोजायला पाहिजे. गार झाल्यावर समदं बरोबरच दाखवतंय. चोर घरात हाय तवर धरायचा."

भाऊंच्या इतक्या वर्षांच्या कारकिर्दीत पेशंटला खिचडीपासून कुणी अडवलं नव्हतं. गुरुजींची अवस्था कठीण. एकीकडं फोडणीचा वास येतोय, एकीकडं शास्त्र बोलावतंय. हयातभर मुलांना विज्ञान शिकवलेलं, तेव्हा ते थांबले, पण तोंड हॉटेलकडंच ठेवून.

पोरानं इंजिनाचं झाकण उघडलं नाही. बाजूचं पॅनल काढून आधी चावीकडं जाणारा कपलर सुटा केला. किक मारून बघितली, ठिणगी नाही. म्हणजे स्विच आणि मानेतली तार निर्दोष सुटली. मग पल्सर कॉइलकडून वर येणाऱ्या तारा शोधून मीटरची दोन टोकं लावली. स्वस्तातला मीटर तो. रस्ता तुटला असला की पडद्याच्या कडेला नुसता एक दाखवून गप्प बसतो. तसा एक आला.

भाऊंनी वाकून पाहिलं. "एक? म्हणजे एक नंबर हाय की कॉइल."

पोरगं काही बोललं नाही. ओलं फडकं आणून त्यानं चुंबकाच्या झाकणावर टाकलं. वाफ निघाली. दुसऱ्यांदा भिजवलं, तिसऱ्यांदा भिजवलं. सगळे मीटरकडं बघत बसले, आणि बऱ्याच वेळानं पडद्यावरचा एक हलला. आकडे आले, गेले, परत येऊन थांबले.

"गरम झाली की तुटती, गार झाली की जुळती," पोरगं म्हणालं. "पल्सर कॉइल."

"मी काय म्हणलो होतो?" भाऊ गर्दीकडं वळून म्हणाले. आणि ते खरंच म्हणाले होते. प्लग, वायरिंग, अर्थिंग, टॉवर, यांच्या अगोदर सगळ्यात पहिल्यांदा कॉइलच म्हणाले होते. कुठली, ते तपशील.

नवीन कॉइल नांदेडहून एका जीपबरोबर आली. पोरानं बसवली, पैसे घेतले, निघून गेलं. गुरुजींनी पोराला पैसे दिले आणि आभार भाऊंचे मानले, कारण चहाला भाऊ थांबले होते. जुनी कॉइल भाऊंनी मागून घेतली, दस्तीच्या कोपऱ्यात बांधली. आता ती कुणालाही दाखवून ते आजाराचं वर्णन करतात. आणि त्या दिवसापासून इलाजही बदललाय.

परवा उमरखेडकडून एक जण आला. गाडी स्टँडला लावली, बायकोला उतरवलं, पोराचा हात धरला आणि हॉटेलकडं निघाला. भाऊ बाकावरून उठून आडवे आले.

"थांबा. आत्ता खिचडी न्हाई. गरम हाय तवरच कळतंय."

"अहो भाऊ, गाडी चांगली हाय. आम्ही खिचडी खायालाच थांबलोत."

"चांगलीच आसंल," भाऊ खांद्यावरची दस्ती काढत म्हणाले, "पण प्लग काढून बघायला काय जातंय?"