काका कुठे राहिले?

ग्रुप टूरमधला सनातन प्रश्न, 'आपले काका कुठे राहिले?', उत्तर कोरियाने कायमचा निकाली काढला आहे. प्रत्येक गटासोबत दोन सरकारी गाइड असतात. दोन अशासाठी, की त्यांच्यापैकीही कोणी हरवू नये. प्योंगयांगमधले यांगाकडो हॉटेल तर नदीतल्या बेटावरच बांधले आहे, त्यामुळे जेवणानंतर शतपावलीला फार लांब जाण्याची दगदग नाही. लिफ्टमध्ये पाचव्या मजल्याचे बटणच नाही. चुकून उतरायचीही भीती मिटली.

मानसू टेकडीवरच्या नेत्यांच्या भव्य कांस्यपुतळ्यांना आधी फुले वाहायची, मग वाकून नमस्कार. फोटोत पुतळे डोक्यापासून बुटांपर्यंत अख्खे आले पाहिजेत. आमच्या भाच्याला ही शिस्त वेळीच लागली असती, तर लग्नाच्या अल्बममध्ये आत्याबाईंना डोके असते.

जानेवारी २०२० मध्ये सीमा बंद करून उत्तर कोरियाने पर्यटनातला गर्दी हा मुख्य दोषही काही वर्षे दूर ठेवला. पण खरा आदर्श रयुग्योंग हॉटेलचा. १०५ मजले, बांधकामाची सुरुवात १९८७. चादरी मळक्या, चहा गार, अशी एकही तक्रार आजवर नाही. पहिला पाहुणा उतरला की बघू.