बिडाचा पाइप आणि त्याचे वारसदार

जोगेश्वरीतल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारतीच्या पाठीवरून सांडपाण्याचे दोन उभे पाइप उतरतात. एक संडासाचा, दुसरा मोरी-नहाणीचा. दोन्ही बिडाचे, साधारण चार इंची, सहा-सहा फुटांचे तुकडे एकमेकांच्या गळ्यात बसवलेले. सांध्यात आधी तागाचा दोर ठासलेला, त्यावर वितळलेले शिसे ओतलेले. बीड म्हणजे घावनाच्या तव्याचे लोखंड: जड, ठिसूळ आणि सहनशील. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या कारंज्यांसाठी सतराव्या शतकात घातलेले बिडाचे पाइप तीनशे वर्षांहून अधिक चालले. तिथे दर रविवारी वरून ॲसिडची बाटली ओतणारे कोणी नव्हते.

पाइप आधी आतून गंजतो. गाठी धरत धरत चार इंचांची वाट कटिंगच्या ग्लासाएवढी उरते. बाहेरून रंग मारलेला असतो, पण भिंतीकडच्या बाजूला रंगाऱ्याचा ब्रश पोचत नाही. चीर तिथेच पडते. चिरेत पिंपळ उगवतो. पहिल्या वर्षी तो उपटणे वॉचमनच्या कामात बसत नाही, दुसऱ्या वर्षी पिंपळ तोडणे कोणाच्या धर्मात बसत नाही आणि तिसऱ्या वर्षी त्याची मुळे सॉकेटमध्ये दाढीसारखी वाढलेली असतात.

यथावकाश दुसऱ्या मजल्याच्या भिंतीला ओल येते. प्रथेप्रमाणे तिसऱ्या मजल्यावरचे बाथरूम फोडले जाते. ओल कायम राहते, लाद्या मात्र नव्या होतात.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपाची गळती संस्थेच्या खर्चाने आणि घरातल्या संडास-सिंकची सभासदाच्या खर्चाने काढायची असते. गळतीने हे वाचलेले असावे. ती नेमकी भिंतीच्या जाडीत, सभासदाच्या ट्रॅपचा तुकडा संस्थेच्या पाइपाला मिळतो तिथे होते. वरच्याचे पाणी खालच्याकडे झिरपण्याची जोगेश्वरीची परंपरा तशी दांडगी आहे. इथल्या जोगेश्वरी देवीच्या सहाव्या शतकातल्या गुंफेतही डोक्यावरच्या वस्तीचे सांडपाणी उतरल्याच्या तक्रारी झाल्या. देवीचे नाव भाग प्रमाणपत्रावर नसल्याने तिला सभेत बोलता आले नाही.

पैशाची तरतूद उपविधींतच आहे: बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड. मात्र हा बांधकाम खर्च इमारत उभी राहिली त्या काळातला धरल्यास जमणाऱ्या रकमेत पाइपाचे क्लॅम्प येतात. उरलेल्यासाठी वर्गणी काढावी लागते, वर्गणीसाठी सभा, आणि सभेत एक वाक्य ठरलेले असते: ‘आता रीडेव्हलपमेंट येतेय, कशाला खर्च?’ या वाक्यावर पाइप दहा वर्षे सहज काढतो. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे; अहवालात पाइप बदला असे लिहून येते आणि अहवाल कपाटात जातो. बिल्डर तिसऱ्यांदा पळाला की काम मंजूर होते.

काम वरून खाली चालते. गच्चीतले टोक आधी, मग दोरखंडावर लोंबकळणारा माणूस एकेक सांधा घणाने फोडत उतरतो. ‘११ ते ५ संडास वापरू नये’ असा कागद जिन्यात लागतो. सव्वाअकराला चौथ्या मजल्यावरून फ्लशचा आवाज येतो, आणि खाली लटकलेला माणूस जे बोलतो ते इतिवृत्तात घेत नाहीत.

नवा पाइप पीव्हीसीचा असतो. हलका, न गंजणारा, रबर रिंगवर बसणारा. उन्हात तो लांबतो, म्हणून रिंगेपाशी थोडी जागा सोडायची असते. कंत्राटदार ती एमसील भरून बुजवतो आणि त्याला फिनिशिंग म्हणतो. काही कंत्राटदार काटकसरीने संडास आणि मोरी एकाच पाइपात सोडतात. मग तळमजल्याच्या जाळीतून वरच्या मजल्यांची खबरबात येऊ लागते.

जुन्या बिडाच्या भंगाराच्या भावावर कमिटी तासभर भांडते. सांध्यातले शिसे, जे बिडापेक्षा महाग जाते, ते प्लंबर तोवर वेगळ्या गोणीत भरून नेतो.

राहतो तळाचा एक बाक, चेंबरकडे वळणारा. तोही बिडाचाच, जमिनीखाली, सगळ्यांत कुजका. तो काढायला वरची फरशी फोडावी लागते आणि त्या फरशीवर चेअरमनसाहेबांची गाडी उभी असते.