काजं-बटणं तेवढी बाकी

प्रति,
वसईतल्या पारनाक्यापासून पाचूबंदरच्या शेवटच्या स्टॉपापर्यंतचे समस्त किराणा दुकानदार, शिंपी, इंजिन मिस्त्री, फ्रिज-मिक्सरवाले व तत्सम कलावंत यांस,



पत्रास कारण की, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गल्ल्यामागे ‘ग्राहक हा आमचा देव आहे’ अशी पाटी आहे. ती खोटी आहे असं म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. देवाशी माणसं जशी वागतात तसंच आपण आमच्याशी वागता. नवस बोलता, तारीख देता, आमच्या नावाचा प्रसाद आपणच खाता आणि आम्हाला उभं ठेवता. देवानं तक्रार केल्याचं कुणी ऐकलेलं नाही, त्यामुळे आम्हीही केली की आपल्याला प्रामाणिक आश्चर्य वाटतं.

सुरुवात शिंपीदादांपासून करतो, कारण काळाचा अभ्यास त्यांचाच दांडगा. नाताळचं कापड दिवाळीआधी टाका नाहीतर डिसेंबर उजाडल्यावर टाका, शर्ट मिळायचा तो 24 डिसेंबरलाच, रात्रीच्या मिस्सेची वेळ होत आली की. तोवर दुकानात कधीही डोकवा, उत्तर ठरलेलं: “झालंच आहे, काजं-बटणं तेवढी बाकी.” पुरावा म्हणून हँगरवरचा शर्ट दाखवला जातो. त्याची एक बाही कच्च्या दोऱ्यावर, खिसा टाचणीवर, छातीवर खडूची रेघ आणि कॉलरला अडकवलेल्या चिठ्ठीवर नुसतं आडनाव. आमच्या गावात एकेका आडनावाची किती घरं आहेत हे दादांना ठाऊक आहे. तरीही नाव लिहायची तसदी ते घेत नाहीत, कारण तो शर्ट आमचा नसतोच. दाखवायचा म्हणून एक शर्ट ठेवलेला असतो, आणि महिनाभर तो प्रत्येकाचा असतो.

आता गंमत बघा. 24 डिसेंबर हाच आपल्या देशाचा राष्ट्रीय ग्राहक दिन. 1986 साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणजे त्या दिवशी सरकारी सभागृहांत ग्राहकराजाच्या हक्कांवर भाषणं चालू असतात आणि आमच्याकडे खुद्द ग्राहकराजा शिंप्याच्या स्टुलावर बसून काजं होण्याची वाट बघत असतो. हा दिवस एवढ्या एकाग्रतेनं पाळणारं दुसरं बंदर किनाऱ्यावर नसावं.

इंजिन मिस्त्रींना मात्र नुसती गंमत करून सोडता येत नाही. 1 जून ते 31 जुलै समुद्रात जायला बंदी. माशांच्या विणीचा काळ, वर पावसाळी समुद्र, त्यामुळे बंदीबद्दल कुणाची कुरकुर नाही. बोटी वर ओढल्या जातात, जाळी उसवून पुन्हा विणली जातात आणि इंजिनं खोलली जातात. खोलायला आमचे मिस्त्री पहिल्याच आठवड्यात हजर. हेड काढून ठेवायचं, पिस्टन गोणपाटावर मांडायचे, नट डालड्याच्या जुन्या डब्यात टाकायचे आणि “सामान मुंबईहून यायचंय” असं सांगून अंतर्धान पावायचं. खोललेलं इंजिन दुसरा मिस्त्री हातात धरत नाही, हा या धंद्यातला अलिखित करार आहे. म्हणूनच खोलायची घाई आणि बसवायची सवड. जुलै सरत आला की एकाच मिस्त्रीच्या मागे अर्धं बंदर फिरत असतं. हंगामाची पहिली दर्याची फेरी चुकली तर त्या नाखव्याचं काय जातं हे मिस्त्रीला सांगायला नको, तोही याच गावचा. चिमाजीअप्पांची वसईची मोहीम 1737 ते 1739 अशी दोन वर्षं चालली, पण किल्ला शेवटी हाती आला. त्यांना मुंबईहून गॅस्केट मागवायचं नव्हतं, हा त्यातला मोठाच फायदा.

फ्रिजवाल्यांचं दुखणं वेगळं, त्यांना पाचूबंदर “लांब पडतं.” फेब्रुवारी 2024पासून वसई-भाईंदर रो-रो बोटसेवा सुरू आहे. रस्त्यानं सुमारे 38 किलोमीटरचा वळसा पडायचा, तिथे आता गाड्यांसकट माणसं खाडी ओलांडतात. पारनाक्यावरच्या आपल्या कारागिराला मात्र अजून आमच्यापर्यंत येण्याचा मार्ग सापडलेला नाही. फोनवर ते कायम “निघालोच” असतात.

पाट्यांच्या बाबतीत आपण कायदा पाळलात, त्याबद्दल अभिनंदन. सर्वोच्च न्यायालयानं दिलेली नोव्हेंबर 2023ची मुदत आली आणि दुकानांवर ठळक मराठी झळकली. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्यही आता मायबोलीत वाचायला मिळतं, त्यामुळे अपमान परका वाटत नाही.

आता किराणा. इथे लेखणी थोडी अडखळते, कारण उपरोध करायला जावं तर तोंड धरलं जातं. बंदीच्या दोन महिन्यांत घरात पैसा येत नाही. तेव्हा तांदूळ, तेल, साखर, चहा सगळं शेठच्या लाल वहीवर चालतं. जामीन नाही, सही नाही, व्याजाचा शब्द नाही. आजारपण निघालं तर गल्ल्यातल्या नोटाही हातावर ठेवतात. नारळी पौर्णिमा झाली, बोटी भरून येऊ लागल्या, की खातं हळूहळू फिटतं. कुठल्याही बँकेनं या अटींवर कर्ज दिलं तर तिच्या मॅनेजरची बदली होईल. हे उपकार आहेत आणि ते आम्ही मानतो.

पण शेठ, वहीत एक रकाना आपण लिहीत नाही, तो असा की, दोन महिन्यांच्या उधारीत आपण आमचं दहा महिन्यांचं तोंड विकत घेता. तांदळात खडे निघाले, तुरडाळीला सोंडे लागले, छापील किमतीवर दोन रुपये “फ्रिजचे” म्हणून चढले, सुट्ट्यांऐवजी हातावर गोळ्या टेकवल्या, तरी जिच्या नावावर खातं आहे ती बाई काही बोलत नाही. बिल मागायला गेलं तर आपण एवढं दुखावल्यासारखं बघता, जणू आम्ही मैत्रीची पावती मागितली. रोख देणारा पर्यटक किल्ला बघून येतो, पाण्याची बाटली घेतो आणि दोन रुपयांवरून चढ्या आवाजात भांडतो. त्याला आपण दोन रुपये परतही देता. आम्ही वर्षानुवर्षांचे, म्हणून आम्हाला देत नाही.

सगळ्या पत्राचं सार खरं तर इथेच आहे. शिंप्याकडे आमचं कापड अडकलेलं, मिस्त्रीकडे इंजिन, शेठकडे खातं. ज्याच्याकडे आमचं काही ना काही अडकलंय, त्याच्याशी भांडायचं कसं? वर प्रत्येक जण ओळखीचा. कुणी चुलत्याचा साडू, कुणी शाळेतला बाकावरचा सोबती. आता आपल्यातले काही म्हणतील, ऑनलाइन मागवणारे वाढले म्हणून धंदा बसला. मोठं खोकं घेऊन येणारा मुलगा आमच्या घरात कुणाचाच कुणी नसतो, वस्तू फुटकी निघाली तर निमूट परत घेऊन जातो. गावातली माणसं त्याच्याकडे स्वस्ताईसाठी वळली असं आपण समजता. मला वाटतं, कुणाचं मन न मोडता माल परत करता यावा यासाठी वळली.

आणि गावभर उद्धट म्हणून बदनाम कोण? बंदरावर मासळी घेऊन बसणाऱ्या मावश्या. वसईतली चार बुकं शिकलेली गिऱ्हाइकं नाक मुरडून सांगतात, “बोलायची पद्धत नाही त्यांना.” नसेल. पण माल उघडा पाटीत असतो. घोळीचा कल्ला उचलून लालभडक दाखवतात, बोंबलाचं अंग दाबून बघू देतात, बर्फातला माल असेल तर विचारल्यावर “कालचा आहे, म्हणून या भावात” असं तोंडावर सांगतात. वाट्यावर वाद होतो, चार शिव्या पडतात, शेवटी वर दोन बांगडे जास्तीचे पडतात आणि हिशेब तिथल्या तिथे मिटतो. परडीला लॅमिनेट केलेला क्यूआर बांधलेला असतो आणि तो दरवेळी चालतो, “नेट नाही, कॅश द्या” हे वाक्य मी तिथे ऐकलेलं नाही. मासा खराब निघालाच तर दुसऱ्या दिवशी बाजार भरलेला असताना तसं ओरडून सांगता येतं. मावशीही ओरडते, पण ऐकतात शंभर जणी, म्हणून पुढच्या वाट्यात भरपाई होते. तिच्याकडे आमचं काही अडकलेलं नसतं, उलट संध्याकाळपर्यंत माल खपवायची घाई तिलाच असते. वसईतला सर्वांत चोख व्यवहार पाटीवरच्या कायद्यानं चालत नाही, या उद्धट बायांच्या तोंडावर चालतो. आपणही थोडे उद्धट व्हा, पण खरं बोला.

आमच्या मागण्या फार नाहीत. शिंपीदादांनी नाताळाची तारीख 20 डिसेंबर सांगावी आणि चिठ्ठीवर नाव लिहावं. मिस्त्रींनी सामान आल्याशिवाय इंजिन खोलू नये. शेठनी उधारी लिहावी तशी रोखीचीही पावती लिहावी, आणि पावती मागणाऱ्या बाईकडे भावकीत फूट पाडणारी म्हणून बघू नये. फ्रिजवाल्यांनी निघाल्यावरच “निघालो” म्हणावं.

कळावे, लोभ आहेच, तो इतका ताणू नये ही विनंती.

आपला,
खातेवहीतलं एक गिऱ्हाईक

ता. क. : 2019चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020पासून लागू आहे. त्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर छापलेल्या मुदतीत, आणि मुदत छापलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा तशीच. आपल्या मराठी पाटीनं यात काही फरक पडत नाही. तक्रार आता राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.